लेसर लावण्याआधी

लेसरमुळे पातळ थरांचं चुंबकत्व कसं ढासळतं, हे एक्स-रेने पाहायचंय ना? मग बीमटाइम, म्हणजे एक्स-रे यंत्रावर प्रयोगासाठी ठरवून दिलेला वेळ, मिळाला की लगेच लेसर सुरू करू नकोस. आधी नुसत्या एक्स-रेवर काम कर. ऊर्जा लोखंडाच्या एल-३ कडेवर, म्हणजे त्याचं एक्स-रे शोषण एकदम वाढतं त्या ७०७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आण, कोबाल्टसाठी ७७८. एकावर एक थर असले तरी प्रत्येक मूलद्रव्य असं वेगळं वाचता येतं, खरी गंमत तीच. मग डाव्या-उजव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणातल्या (ज्यात लहरीची दिशा डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जाते) शोषणाचा फरक घे; चुंबकीय थर या दोन्हींना वेगवेगळं शोषतो. चुंबकीय क्षेत्र उलटवल्यावर फरकाचं चिन्ह उलटलं नाही, तर तो सिग्नल चुंबकत्वाचा मानू नकोस.

१९९६ मध्ये निकेलच्या पातळ थराचं चुंबकत्व लेसरमुळे पिकोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या) आत ढासळताना दिसलं होतं. सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे एक्स-रे देणाऱ्या मोठ्या वर्तुळाकार यंत्राचे, नेहमीचे स्पंद त्याहून कितीतरी लांब! ते ढासळणं पाहायला फेमटोसेकंदांचे (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागांचे) स्पंदच हवेत. आणि लेसरची ताकद हळूहळू वाढव. थर जळाला की नमुना गेला.