मार्चचा हप्ता आणि क्रोशाची सुई

सांगलीहून एका ताईंचं सविस्तर पत्र आलंय. वय ४४. लग्नाआधी आईकडून शिकलेलं क्रोशाचं विणकाम त्यांनी लॉकडाऊनमध्ये पुन्हा हातात घेतलं. तोरणं, बाळाची टोपरी-मोजे, बाहुल्या, किचेन, कुणाच्या रुखवतासाठी रुमाल. गणपती ते संक्रांत एवढ्या काळात ४६ हजारांची विक्री झाली, दोरा-लोकर १४ हजारांची लागली, ‘म्हणजे ३२ हजार नफा’. आता गणपती पेठेजवळच्या गल्लीत एक गाळा मिळतोय. भाडं ९ हजार, डिपॉझिट ६० हजार, फर्निचर ७० हजार, सुरुवातीचा माल ५० हजार. प्रश्न असा, की यासाठी पतसंस्थेतली २ लाखांची ठेव मोडावी की सोनं तारण ठेवून कर्ज काढावं?

मिस्टर कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, वय ४६, हातात ३८ हजार. घराचा हप्ता ११ हजार. मुलगी १४ वर्षांची, नववीत.

पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे आहे: ‘दुकान चाललं तर मुलीच्या पॉलिसीचा मार्चचा १ लाखाचा हप्ता तरी माझ्या कमाईतून निघेल. पहिला एफडी मोडून भरला, दुसरा भिशी उचलून. यंदाचा कुठून आणायचा कळत नाही.’ सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो.

ताई, विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. ठेव मोडूनही नको, सोनं ठेवूनही नको. गाळा घेऊ नका.

तुमचा नफा ३२ हजार नाही. प्रदर्शनांच्या स्टॉलचे ६ हजार आणि पॅकिंग, कुरिअर, रिक्षाचे ३ हजार तुम्हीच पत्रात दुसऱ्या पानावर लिहिलेत, ते वजा करायचे राहिले. उरले २३ हजार. रोज चार तास, असे साधारण १२० दिवस, म्हणजे ४८० तास. तासाला ४८ रुपये. छंद म्हणून उत्तम. आवडीचं काम करून वर २३ हजार मिळाले तर त्यात वाईट काहीच नाही. पण हे सगळं गणपती, दिवाळी, लग्नसराईची सुरुवात अशा चांगल्या दिवसांतलं आहे. मे-जूनमध्ये लोक शाळेची वह्या-पुस्तकं घेतात, बाहुल्या नाही.

आता गाळ्याचं गणित. भाडं आणि वीज धरून महिन्याला साडेदहा हजार, वर्षाला सव्वा लाख. त्यावर तुम्हाला हप्त्याचा एक लाख काढायचाय. झाले सव्वादोन लाख. तुमची वस्तू सरासरी २०० रुपयांना जाते, त्यात ६० चा दोरा. हातात १४०. म्हणजे वर्षाला सोळाशे वस्तू विकाव्या लागतील. एका वस्तूला सरासरी दोन तास लागतात, म्हणून बत्तीसशे तास. वर्षाचे ३०० दिवस धरले तर रोज जवळजवळ अकरा तास नुसतं विणायचं. गिऱ्हाईक आलं की सुई खाली. तुमच्या मजुरीचा एक रुपयाही मी यात धरलेला नाही.

क्रोशाचं विणकाम आजही यंत्रावर होत नाही. बाजारात मशीनचं म्हणून जे दिसतं ते तसं दिसणारं वेगळं विणकाम असतं. त्यामुळे वस्तू हाताचीच, तासही हाताचेच. दुकान मोठं झालं म्हणून टाके भरभर पडत नाहीत.

आणि गणपती पेठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्या भागात काय झालं हे सांगलीकराला मी सांगायला नको. २०२१ ला पुन्हा तेच. लोकर आणि कापडी माल, तोही खाली ठेवलेला. विषय संपला.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण हे पत्र मुळात तिच्यामुळेच आलंय. तुम्हाला दुकान हवंय असं मला वाटत नाही. तुम्हाला मार्चमध्ये एक लाख हवेत.

पॉलिसीचे कागद पाहिले. मार्च २०२४ ला घेतलेली. दहा वर्षं दरसाल १ लाख भरायचे, २०४४ ला साडेवीस लाख मिळणार. विमा १० लाखांचा. पॉलिसी विकणाऱ्या बँकेतल्या बाईंनी तुम्हाला तीन गोष्टी सांगितल्या: एफडीसारखंच आहे, पैसे डबल होतात, टॅक्स वाचतो. आणि ‘मुलीच्या शिक्षणाला होईल’.

एकेक बघू. दहा लाखांचे साडेवीस लाख, म्हणजे डबल, हे खरं. वीस वर्षांत. हा व्याजदर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे पोस्टा-बँकेतल्या सरकारी बचत योजनेत, टाकले असते तर आजच्या ७.१ टक्के दराने, तो दर टिकला तर, साधारण साडेएकोणतीस लाख झाले असते. नऊ लाखांचा फरक. टॅक्स? मिस्टरांचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाख. त्यावर २०२४ लाही टॅक्स बसत नव्हता, आजही बसत नाही. तुमचं उत्पन्न तर त्याहून कमी. जो टॅक्स भरायचाच नव्हता तो वाचवायला वर्षाला लाख रुपये. मार्च महिन्यात बँकेत गेलं की हे ऐकू येतंच, पण समोरच्याचा पगार विचारायची तसदी घ्यायला काय होतं?

आणि शिक्षण. मुलगी आज १४ वर्षांची. २०४४ ला ती ३२ वर्षांची असेल. ताई, कुठलं शिक्षण?

(कुणीतरी सुकन्या समृद्धी सुचवेल म्हणून सांगतो: ते खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं. ती वेळ गेली.)

याहून मोठी चूक कागदावरच आहे, आणि घरात ती कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. विमा तुमच्या नावावर आहे. तुमच्या जिवाचा. घर मिस्टरांच्या ३८ हजारांवर चालतं, गृहकर्ज त्यांच्या पगारातून जातं, आणि त्यांच्या जिवावर एक रुपयाचा विमा नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, तोही नोकरी आहे तोवर. तुमच्या घरकामाला किंमत नाही असं मी म्हणत नाही, भरपूर आहे. पण उद्या त्यांना काही झालं तर या पॉलिसीतून काही मिळणार नाहीच, उलट तिचे हप्ते तुम्हालाच भरत बसावे लागतील.

प्रपोजल फॉर्मच्या फोटोत मला आणखी एक सापडलं. तुमच्या नावापुढे लिहिलंय, ‘व्यवसाय: हस्तकला, वार्षिक उत्पन्न ५ लाख’. अक्षर तुमचं दिसत नाही, सही तुमची आहे. २०२४ मध्ये तुम्ही शेजारणींना बाळंतविडे विणून देत होतात, आणि त्या फॉर्मवर तुम्ही पाच लाखांच्या उद्योजिका. लाखाचा हप्ता मंजूर व्हायला तेवढं उत्पन्न दाखवावं लागतं म्हणून कुणीतरी ते भरलं. आज तुम्ही गाळा शोधताय तो कुणीतरी परस्पर लिहिलेला तो आकडा खरा करायला.

आता करायचं काय? परत करायची फ्री-लूकची मुदत केव्हाच गेली. उरले तीन रस्ते.

एक, भरत राहायचं. दोन, सरेंडर करायचं, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद करून मिळेल ते घ्यायचं. दोन पूर्ण हप्ते भरलेत, त्यामुळे सरेंडर व्हॅल्यू तयार झालीय, पण गॅरंटीड रक्कम भरलेल्याच्या ३० टक्के, म्हणजे ६० हजार. तीन, पेड-अप करायचं: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन चालू राहते. दहातले दोन हप्ते भरले म्हणून शेवटी दोन दशांश, फार तर चार लाखांच्या आसपास, आणि विमा दोन लाखांचा.

साठ हजार आज घेऊन ७.१ टक्क्यांनी १८ वर्षं ठेवले तर दोन लाख होतात. पेड-अपला चार मिळणार असतील तर तेच बरं. पण हे चार मी हप्त्यांच्या प्रमाणात काढलेत. काही पॉलिसींत पेड-अप झाल्यावर बोनस थांबतो आणि रक्कम बरीच खाली येते. म्हणून कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या: ‘आजची सरेंडर व्हॅल्यू किती आणि पेड-अप केल्यास मॅच्युरिटीला किती’. तोंडी आकडा घेऊ नका. बँकेतल्या बाईंकडून तर मुळीच नको.

भरत राहायचं का? अजून आठ लाख भराल तर शेवटी पेड-अपपेक्षा साडेसोळा लाख जास्त मिळतील. तेच आठ लाख पीपीएफमध्ये त्याच तारखांना टाकले तर बावीसच्या आसपास. आणि खरं बोलायचं तर तुमच्याकडे दरसाल एक लाख नाहीतच. भिशी उचलून हप्ता भरणाऱ्या घराला कुणी कितीही टक्के दिले तरी ती योजना त्याची नव्हे. हप्ता भरू नका. ‘दोन लाख बुडतील’ म्हणून फोन येतील. जे गेलं ते पहिल्या सहीच्या दिवशीच गेलं, ते राखायला आणखी आठ घालायचे नसतात.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तुमच्या खात्यातून हप्ता आपोआप वळता व्हायची परवानगी दिलेली असणार. फेब्रुवारीतच बँकेत लेखी देऊन ती रद्द करा आणि पोच घ्या. नाहीतर मार्चमध्ये खात्यात पैसे असले की कापले जातील, आणि तुम्ही हे वाचलंय याचा काही उपयोग होणार नाही.

तक्रार? जरूर. ‘एफडी प्लॅन’ असं लिहून बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवला होता, तो मेसेज तुमच्याकडे आहे असं तुम्ही लिहिलंय. तो पुसू नका. तो मेसेज, खोट्या उत्पन्नाचा फॉर्म आणि मिस्टरांची पगाराची स्लिप जोडून आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, पूर्ण पैसे परत मागा. नाकारलं किंवा महिनाभरात उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. पैसे मिळतीलच असं मी सांगणार नाही. तुमचे कागद मात्र बऱ्याच लोकांपेक्षा चांगले आहेत. निकाल लागेपर्यंत सरेंडर करू नका.

ठेवीबद्दल. ती मोडाच, दुकानासाठी नव्हे. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवींना माणशी ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. घरात आडीअडचणीला एवढीच रक्कम असताना ती दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे नको. सांगली-साताऱ्यात पतसंस्थांच्या दारात पासबुक घेऊन बसलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. दोन्ही लाख बँकेत एफडी करा आणि हात लावू नका. तुमचा सहा महिन्यांचा घरखर्च त्यात बसतो.

क्रोशा चालू ठेवा, घरातूनच. तुम्ही दिलेल्या वेळांवरून एक दिसतं: ८० चं किचेन पाऊण तासाच्या आत होतं, दोरा १५ चा, म्हणजे तासाला पंच्याऐंशीच्या पुढे. ३५० ची बाहुली पाच तास घेते, दोरा वजा जाता तासाला ५६. ९०० चं तोरण बारा तास, २५० चा दोरा, तासाला ५४. कौतुक सगळ्यात जास्त तोरणाचं होतं, पैसे सगळ्यात कमी. तोरण बाराशेच्या खाली देऊ नका. ‘एवढ्याशाला एवढे?’ म्हणणारी बाई नऊशेलाही तेच म्हणते. रुखवताची आणि बाळंतविड्याची ऑर्डर निम्मे पैसे आगाऊ घेऊनच, आणि दोरा एकाच लॉटचा सगळा एकदम घ्या, नंतरच्या गुंडीचा रंग जुळत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार.

जीएसटीची भीती कुणी घातली असेल तर वस्तूंसाठी मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. ऑनलाइन साइटवरून राज्यातल्या राज्यात विकायलाही ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना नोंदणीची सक्ती नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते, त्यासाठी एजंटला दोन हजार देऊ नका.

राहिलं मिस्टरांचं. ५० लाखांचा टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, बाकी काही परत न देणारा), साठ वर्षं वयापर्यंत. तब्येत ठीक असेल तर वर्षाला बारा ते पंधरा हजारांच्या घरात पडेल. शेवटी पैसे परत मिळणारा प्रकार दाखवतील, तो नको. क्रोशाचे वर्षाचे तेवीस हजार आहेत, त्यातून हा हप्ता भरा, तुमच्या कमाईतून हप्ता भरायचाच आहे तर. अर्ज मिस्टरांनी स्वतः भरायचा, स्वतःच्या अक्षरात, आणि तंबाखूच्या रकान्यात खरं ते लिहायचं. ते मळतात की नाही हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मळत असतील तर हप्ता वाढेल. वाढू द्या, पण लपवू नका.