पितळखोरा लेण्यांचा इतिहास काय आणि तिथं पवित्र मानावं असं नेमकं काय आहे?

कन्नड तालुक्यात, सातमाळा डोंगरात आहे हे, गौताळा अभयारण्याच्या बाजूला. अजिंठा-वेरूळला सगळे जातात पण इकडं फार कमी लोक येतात याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे इसवी सनाच्या आधीचं, साधारण दुसऱ्या शतकातलं काम आहे, देशातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी.

ही बौद्ध लेणी हीनयान काळातली, म्हणजे बौद्ध धर्माच्या जुन्या पंथाच्या काळातली, असल्यामुळं सुरुवातीला बुद्धमूर्ती नव्हतीच, पूजा स्तूपाची. तीन नंबरचं लेणं म्हणजे चैत्यगृह (प्रार्थनेची जागा), त्यातल्या स्तूपात स्फटिकाच्या अस्थिमंजुषा (पवित्र अवशेष ठेवायच्या डब्या) सापडल्यात, म्हणजे सगळ्यात पवित्र जागा तीच. खांबांवर बुद्धाची रंगीत चित्रं दिसतात ती नंतरची, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासची.

बाजूच्या चार नंबरच्या विहाराजवळ (भिक्खूंच्या राहायच्या लेण्याजवळ) जरा जास्त वेळ थांबा. जोत्यावर ओळीनं हत्ती कोरलेत, दाराला भाले-ढाली घेतलेले द्वारपाल, आणि शेजारी पाच फण्यांचा नाग, वरचं पावसाचं पाणी दगडातल्या चरातून या फण्यांमधून बाहेर पडायचं, काय डोकं लावलंय बघा! इथं सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास, धंद्यानं सोनार. आणि लेण्यांसाठी दान देणाऱ्यांत पैठणचा सुगंधी वस्तूंचा व्यापारीही होता, हेपण शिलालेखातच आहे. आपल्याच मराठवाड्यातली ही साधी धंदेवाली माणसं, त्यांनी हे उभं केलंय.

खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत, पाणी सोबत घ्या, पावसाळ्यात दगड निसरडे होतात.