काठ किती रुंद, बाही कुठे थांबावी?

लग्नसराई तोंडावर आल्याने या वेळच्या पत्रांत साडी-ब्लाउजचेच प्रश्न जास्त आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

ताई, माझी उंची ४ फूट ११ इंच. भावाच्या लग्नात ब्रोकेड पैठणी नेसायची फार हौस आहे. दुकानात १२ इंची काठाची आवडली, पण आई म्हणते, "काठच दिसेल, तू दिसणार नाहीस." काय करू? – वाचक, सातारा

आईचं बरोबर आहे. त्यामागचं गणित साधं आहे. तुमच्या उंचीला परकराच्या नाडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर चप्पल धरून साधारण ३६-३७ इंच भरेल. त्यातले १२ इंच काठाने घेतले, तर साडीच्या दिसणाऱ्या भागाचा तिसरा हिस्सा एकाच आडव्या पट्ट्यात जातो. बघणाऱ्याची नजर गुडघ्याखालीच अडते आणि उंची आणखी कमी वाटते. काठ ४ इंची असला की तोच हिस्सा नवव्या भागावर येतो.

काउंटरवर लक्षात न येणारी अडचण वरच्या काठाची असते. साडीचा पन्हा (रुंदी) ४५-४६ इंच असतो, त्यामुळे तुम्हाला ८-९ इंच आत खोचावे लागतात. वरचा काठही १२ इंची असेल, तर खोचला जाणारा सगळा भाग जरीचा. सात निऱ्या म्हणजे कापडाचे चौदा थर. ते जरीचे असले की पोटावर गाठोडं बांधल्यासारखं दिसतं आणि निऱ्या पंख्यासारख्या पुढे फुलतात. म्हणून खरेदीला जाताना दोन्ही काठ मोजायला सांगा: खालचा ३ ते ५ इंच, वरचा त्याहून कमी. ब्रोकेडच हवी असेल, तर अंगभर छोट्या बुट्ट्या आणि बारीक मुनिया (छोट्या पक्ष्यांच्या नक्षीचा) किंवा नारळी काठ असलेली मागा. हौसही भागते आणि ठसठशीत मोराचं काम पदरावर मिळतंच. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव पैठणी तुमच्या बांध्यावर विशेष खुलेल, कारण रंग हलता राहतो आणि आडवी रेघ कुठेच उठून दिसत नाही.

नेसताना निऱ्या पाच ते सहाच घ्या, पाच-पाच इंचांच्या. पदर मागे गुडघ्याच्या खाली पोचू द्या. तो कमरेखाली सर्वांत रुंद जागी संपला, तर तिथेच आडवी रेघ पडते. ब्लाउज काठाच्या विरोधी रंगाचा न घेता साडीच्याच रंगछटेतला घ्या, म्हणजे खांद्यापासून पावलांपर्यंत रंग एकसंध राहतो. आणि त्या दिवशी घालणार तीच चप्पल आधी पायात घालून मग साडी नेसा. नंतर टाच चढवली की साडी वर उचलली जाते, हे हमखास होतं.

मे महिन्यात नागपुरात बहिणीचं लग्न आहे. माझे दंड जाड आहेत, छाती भरलेली आहे. दर वेळी ब्लाउजचा पुढचा गळा उघडा पडतो आणि हात वर केला की ब्लाउज वर सरकतो. टेलर म्हणतात, "तुमचा बांधाच तसा आहे." – वाचक, वर्धा

बांध्याचा काही दोष नाही. या दोन्ही तक्रारी कापण्यातल्या आहेत आणि दोन्ही सुटतात.

हात वर केल्यावर ब्लाउज सरकतो तो मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल काप) खोल कापल्यामुळे. जाड दंडाला मोकळं वाटावं म्हणून टेलर मुंढा खाली नेतात, पण त्यामुळे हात उचलला की बाही पूर्ण अंग ओढून वर नेते. मुंढा काखेजवळ हवा, मध्ये एक बोट मावेल एवढाच. मोकळेपणा बाहीच्या घेरात द्यायचा. हात कोपरात वाकवून दंडाचा सर्वांत जाड भाग मोजा आणि त्यात एक इंच मिळवा. रेशीम ताणलं जात नाही, हात सरळ ठेवून माप घेतलं की जेवताना बाही रुतते.

गळा उघडा पडतो तो बहुतेकदा खांद्याजवळ रुंद कापल्यामुळे. ट्रायलला आरशासमोर उभं राहून गळ्याच्या कडेला चिमूट धरून बघा. अर्धा इंच चिमटीत येत असेल, तर तेवढं कापड टक्समध्ये (छातीला आकार देणाऱ्या निमुळत्या चुणीत) किंवा कटोरीच्या (छातीवरच्या वाटीसारख्या तुकड्याच्या) शिवणीत घ्यायला सांगा. नुसती पायपीन (गळ्याच्या कडेची बारीक पट्टी) ओढून लावली, तर गळ्याला चुण्या पडतात आणि आतली ढिलाई तशीच राहते. पाठीचा गळा खोल हवा असेल, तर वर दोरी हवीच. दोरीशिवाय खांदे बाहेर घसरतात आणि त्यांच्याबरोबर पुढचा गळाही सुटतो.

भरलेल्या छातीला चार टक्सच्या ब्लाउजपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट (टक्सऐवजी छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) चांगला, विशेषतः जरीच्या कापडाला. जाड कापडात टक्स बसत नाही, टोक काढून उभा राहतो. टक्सच घालणार असाल, तर तो छातीच्या मध्यबिंदूच्या पाऊण ते एक इंच अलीकडे संपला पाहिजे. मापं त्या दिवशी घालायचीच ब्रा घालून द्या: छातीच्या घेराला एक इंच सैल, खालच्या पट्टीला अर्धा इंच.

बाहीची लांबी अशी धरा की ती दंडाच्या जाड भागावर कधीच संपणार नाही. तुमच्यासाठी १०-११ इंच, म्हणजे कोपराच्या जवळपास. ब्लाउजपीसचा रुंद जरीकाठ बाहीच्या टोकाला लावण्याची पद्धत आहे. तुम्ही त्यातला दीड-दोन इंचच लावा आणि उरलेला पाठीला वापरा.

नागपूरचा मे म्हणजे घाम धरूनच चालायचं. अस्तर सुतीच घ्या आणि ते शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. न भिजवलेलं अस्तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि वरचं रेशीम फुगून चुण्या दिसतात. काखेत घाम शोषणाऱ्या पट्ट्या कच्च्या टाक्यांनी लावा. अत्तर किंवा फवारा अंगावर मारून पूर्ण वाळल्यावरच ब्लाउज घाला, जरीवर पडला तर ती काळी पडते.

कापड चार आठवडे आधी द्या, ट्रायल दहा दिवस आधी घ्या, आणि दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया (शिवणीच्या आत जास्तीचं कापड) ठेवायला निक्षून सांगा. ट्रायलला नुसतं उभं राहू नका. अक्षता टाकल्यासारखा हात वर करा, वाकून नमस्कार करा, खाली बसून उठा. या तिन्हीत ब्लाउज जागचा हलला नाही, तरच ताब्यात घ्या.

मी सावळी आहे. सगळे म्हणतात फिकट रंग घे, उजळ दिसशील. खरंच का? – वाचक, सोलापूर

नाही. उजळ दिसण्यासाठी कपडे निवडायचेच नाहीत, चेहरा ठळक आणि ताजा दिसण्यासाठी निवडायचे. अगदी फिकट गुलाबी किंवा राखी रंग सावळ्या चेहऱ्याशेजारी बहुतेकदा धुरकट दिसतो. राणी, वांगी, मोरपिशी, हळदी, डाळिंबी हे भरलेले रंग सुंदर खुलतात. तरी नियमावर विसंबू नका. साडी दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात हनुवटीखाली धरा आणि फक्त डोळ्यांकडे बघा. डोळे चमकदार वाटले तर रंग तुमचा, डोळ्यांखालची वर्तुळं आधी दिसली तर नाही. लग्न संध्याकाळचं असेल, तर तीच साडी पिवळ्या दिव्याखालीही बघा. जांभळ्या आणि निळ्या छटा तिथे मंदावतात.

मुलाचं लग्न आहे. वय ५८, गुडघे दुखतात, पण नऊवारीच नेसायची इच्छा आहे. शिवलेली घेऊ का? – वाचक, कोल्हापूर

जरूर घ्या. सीमांतपूजनापासून दिवसभर वावरायचं असेल, तर तुमच्या गुडघ्यांना शिवलेलीच सोयीची. फक्त मापाला घाई करू नका. कंबर, बैठकीचा घेर, मांडी, पोटरी आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची तर घेतातच, पण एक माप बऱ्याचदा राहून जातं: खुर्चीवर ताठ बसून कमरेपासून खुर्चीपर्यंतचं. ते दोन इंच कमी पडलं, तर बसताना काष्टा मागे ओढला जातो आणि पाटावर बसल्यावर शिवणच उसवते. म्हणून पाट आणि खुर्ची, दोन्हींवर बसून बघितल्याशिवाय ती घरी आणू नका.

कड घोट्यावर थांबू द्या. पावलावर लोळणारा काठ मांडवाच्या पायऱ्यांवर टाचेखाली येतो. बाजूला हूक आणि आत नाडी असं दोन्ही मागून घ्या, म्हणजे स्वच्छतागृहात मदतीशिवाय सुटते. कापड रेशीम-सुती मिश्रणाचं घ्या. निव्वळ रेशमाच्या निऱ्या बसता-उठता घसरतात. जवळच्या जुन्या नऊवारीतूनच शिवायची असेल, तर ती न कापता फक्त टाके घालून बेतणारा टेलर शोधा. एकदा कापली की पुन्हा हाताने नेसता येत नाही.

आजीची पैठणी स्वागतसमारंभाला नेसावी असं वाटतं. ती पन्नासेक वर्षं ट्रंकेत होती. – वाचक, पुणे

नेसण्याआधी तपासा. घड्यांच्या रेषा खिडकीच्या उजेडासमोर धरा, बारीक उभ्या चिरा दिसतात का बघा. मग आत खोचलं जाणारं टोक दोन अंगठ्यांमध्ये धरून हलकेच ताणा. धागे सरकले किंवा कुरकुरले, तर ती साडी म्हणून नेसू नका. पदराच्या जरीचं वजनच खांद्यावर तिला फाडेल, पिनेने तर नक्कीच. अशा वेळी काठ-पदर काढून नव्या रेशमावर लावून घेता येतात, किंवा पदराची ओढणी करून साध्या रेशमी साडीवर घेता येते.

कापड शाबूत असेल, तर खांद्यावर येणाऱ्या भागाला आतून मलमलीची पट्टी कच्च्या टाक्यांनी लावा आणि पिन त्या पट्टीतूनच घाला. नवा फॉल लावताना तोही आधी भिजवून घ्या. इस्त्री मंद, उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून. घड्यांचे वळ राहिले तरी चालतील, वाफेने ओलं करून दाबू नका, रेशीम नेमकं तिथेच तुटतं. आणि काळवंडलेल्या जरीला चिंच किंवा लिंबू लावून अजिबात घासू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चालतं ते जरीखालच्या रेशमाला चालत नाही.