रातच्याला उठून बसायलंय

दिवाळी झाली की आमच्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला. आजी असो, मामा असो, नाहीतर वसतिगृहाचे सर. "मॅडम, लेकरू गप गप राहायलंय, जेवंना, रातच्याला उठून बसायलंय. बाहेरचं काही असंल का? का डोक्यावर परिणाम झालाय?" हा प्रश्न बीड जिल्ह्यात नेमका याच दिवसांत का येतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दसऱ्यापासून तांडे, वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. ऊसतोडीला कोयता निघतो सांगली-कोल्हापूरकडं, काही टोळ्या थेट बेळगावकडं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं.

विकास (नाव आणि बाकी तपशील बदललेत) असाच मागं राहिलेला. वय १४, नववीत, तालुक्याच्या गावी वसतिगृहात. रोज रात्री दोन-अडीचला उठायचा आणि गेटपाशी जाऊन उभा राहायचा. सरांना आधी वाटलं पळून जायच्या बेतात आहे, मग वाटलं तंबाखूची सवय असेल. मामानं भगताकडं नेऊन ताईत बांधून आणला. त्यानंही फरक पडेना, तेव्हा गाडी माझ्याकडं वळली.

पहिली भेट मी वाया घालवली. "तुला कसं वाटतंय?" "काही नाही." "भीती वाटते का?" "नाही." आमच्याकडं चेहऱ्यांचा एक तक्ता असतो, हसरा, रडका, रागावलेला. त्यानं तक्त्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. सुटका लवकर व्हावी म्हणून. हुशार पोरगं.

दुसऱ्या भेटीत त्याहून मोठी चूक केली. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं लेकरू, मराठीत मोकळं होत नसेल, म्हणून त्याच्याच तांड्यावरचा अकरावीतला मुलगा दुभाषा म्हणून बसवला. विकास लाकडासारखा झाला. नंतर माझ्या ध्यानात आलं: इथं बोललेलं संध्याकाळपर्यंत तांड्यावर आणि रात्री फोनवरून उसाच्या फडात पोचणार. भाषा कळणारा माणूस हवा, पण तो घरच्या ओट्यावरचा नको. तिसऱ्या वेळी दुसऱ्या तांड्यावरच्या एक आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या, स्वतः बंजारा. सुरुवातीलाच त्याला सांगितलं की, जिवाचा धोका असेल तेवढं सोडून इथलं काही मामाला कळणार नाही, सरांनाही नाही. ताईंनी गोरमाटीत याडीची, म्हणजे आईची, चौकशी केली. कुठला कारखाना, गाडी कधी गेली. पोरानं पहिल्यांदा मान वर केली.

मग मी 'वाटणं' सोडून दिलं आणि कामाचं विचारलं. "फडात रात्री काय असतं रे? मला काहीच माहीत नाही, काढून दाखव." त्यानं कागदावर कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, काढली, बाहेर चूल, मग रस्ता, रस्त्यावर ट्रक. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरही उतरते. म्हणून गाडी रात्री कितीही वाजता लागते. मुकादमानं हाक मारली की नवरा-बायको दोघंही भरायला जातात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचं असतं, एकट्याचं काम नव्हे. म्हणून तर जोडप्याला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मागं कोपीत लेकरं. तिसरीपासून सातवीपर्यंत दर हंगामात विकासचं काम ठरलेलं होतं: हॉर्न ऐकला की उठायचं, कोपीच्या तोंडाशी बसायचं आणि याडी येईपर्यंत धाकटीवर लक्ष ठेवायचं. आसपास पाचट, साप-किरडू, कुत्री.

"आता कोण बसतं?" मी विचारलं.

त्यानं पेन्सिलीनं कोपीच्या तोंडाशी एक ठिपका काढला आणि अंगठ्यानं पुसून टाकला. धाकटी सहा वर्षांची. वसतिगृहाजवळून रस्ता जातो, रात्री हॉर्न वाजतात. पोरगं ड्युटीवर उठत होतं, आणि ड्युटीची जागा तीनशे किलोमीटर लांब.

लढाईत, संकटात घरदार सुटलेल्या माणसांना आधार देणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराचं मार्गदर्शन काढलं. त्याचा गाभा इतकाच: पाहा, ऐका, जोडून द्या. ऊसतोडीचं माणूस निर्वासित नव्हे, ते चैताच्या आसपास परत येतं. पण दर वर्षी उखडणं तेच. आमच्या प्रशिक्षणांत 'ऐका'वर दिवस जातो आणि 'जोडून द्या' चहाच्या वेळेत उरकतात, अशी माझी जुनी तक्रार आहे. विकासला मी श्वासाचे व्यायाम शिकवलेही असते. पण त्यामुळं धाकटीजवळ कोण बसणार होतं?

त्याला विचारूनच बापाला फोन केला, संध्याकाळी, कोपीवर आल्यावर. पहिलंच वाक्य, "मॅडम, उचल घेतलीय, माघारी कसं यावं?" उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ते कामातून फेडायचे. माघारी या, असं मी म्हणालेच नव्हते. अशा घराला 'लेकराला वेळ द्या' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. मागं राहिलेल्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालू होतं, त्याचं सांगितलं. बाप पोरीच्या जातीला ठेवायचं म्हणून कचरत होता; फोन आईनं घेतला आणि हो म्हणाली. तीन आठवड्यांनी आजी एसटीनं जाऊन नातीला घेऊन आली. तोवर सरांनी, त्यांचं कौतुक करायला हवं, आपला फोन दिला: गाडी भरून झाली की सकाळी याडीचा मिस कॉल, आणि सर उठल्याउठल्या विकासला सांगायचे, "आला रे."

मामानं विचारलं, ताईत काढू का? म्हटलं, राहू द्या. भगताला माझी हरकत एवढ्यावरच सुरू होते: मारझोड, धुरी, उपाशी ठेवणं, दवाखाना बंद करायला लावणं. भूत उतरवायला मारहाण केली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि लेकरू मरणाचं बोलायला लागलं, स्वतःला इजा करून घ्यायला लागलं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकायला लागलं, तर माझ्याकडंही थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ फुकट लागतो, मराठीत बोलतात.

विकास अजून उठतो, आठवड्यातून एखाददोनदा. पाणी पितो, परत झोपतो. आई-बाप आलेत, पुढच्या हंगामाची उचलही घेऊन झालीय. धाकटीचं नाव वसतिगृहाच्या यादीत कधी घालायचं, हे यंदा त्यानंच बापाला विचारलं. बाप अजून बघू म्हणतोय.