‘मेमरी लॉ’ला मराठीत काय म्हणावे?

एका भाषांतरकार वाचकाने विचारले आहे: इतिहास कसा स्मरावा हे ठरवणाऱ्या ‘मेमरी लॉ’साठी ‘स्मृतिकायदा’ लिहिले, तर संपादकांनी ते खोडून ‘स्मारक कायदा’ केले. बरोबर काय?

‘स्मारक कायदा’ नकोच. वाचक त्यात पुतळ्यांच्या आणि स्तंभांच्या देखभालीचे नियम शोधेल. ‘मेमरी लॉ’ला फ्रेंचमध्ये ‘ल्वा मेमोरिएल’ म्हणतात; हा शब्दप्रयोग फ्रान्समध्ये २००५ च्या सुमारास गाजला. त्यातले ‘मेमोरिएल’ म्हणजे ‘स्मृतिविषयक’; इंग्रजी ‘मेमोरियल’शी त्याची गल्लत करू नये.

‘स्मृतिकायदा’ शुद्ध आहे, समासात ‘ति’ ऱ्हस्व हेही बरोबर. माझी अडचण वेगळी आहे. आपल्या भाषेत स्मृती हाच मुळी कायदा! मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती: परंपरेने स्मरणात राखले म्हणून ते शास्त्र झाले. इथे प्रवास उलट्या दिशेचा आहे. आधी कायदा होतो आणि लोकांनी काय स्मरावे ते तो सांगतो.

म्हणून मी ‘स्मरणकायदा’ सुचवेन. आठवण आपसूक येते, तिच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही. स्मरण मात्र करता येते, दुसऱ्याला करूनही देता येते. ‘स्मरणपत्र’ हा शब्द पाहा: पाठवणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी हवे असते. सरकारचा हात दाखवायला हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो.

पण नुसता शब्द बसवून थांबू नका, कारण या एका नावाखाली फार वेगळ्या गोष्टी येतात. फ्रान्सचा २००१ चा कायदा एका वाक्याचा आहे: फ्रान्स १९१५ चा आर्मेनियन वंशसंहार जाहीरपणे मान्य करतो. त्यात शिक्षा नाही. जर्मनीच्या दंडसंहितेतले कलम १३० मात्र नाझींनी केलेला ज्यूंचा संहार जाहीरपणे नाकारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. पोलंडने २०१८ मध्ये नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला. काही महिन्यांतच कैदेची तरतूद मागे घ्यावी लागली. जर्मन कायदा आपल्याच राज्याच्या गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या बाजूने उभा राहतो, तर पोलिश तरतूद राष्ट्राचे नाव जपायला धावते. दोन्हींना ‘स्मरणकायदा’ म्हणून पुढे गेलात तर नेमका हा फरक हरवेल, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तेव्हा क्रियापद जोडाच: मान्यता देणारा, नाकारण्यास बंदी करणारा, गौरव शिकवायला लावणारा. शेवटच्या प्रकाराचा नमुना फ्रान्सचाच. २००५ च्या कायद्यातले एक कलम शाळांमध्ये वसाहतींतील फ्रेंच राजवटीची ‘सकारात्मक भूमिका’ शिकवायला सांगत होते. ते २००६ मध्ये रद्द झाले.

विसरायला लावणारे कायदेही असतात. १५९८ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने काढलेल्या नान्तच्या फर्मानाचे पहिलेच कलम सांगते की, मागील यादवीच्या आठवणी जणू काही घडलेच नाही अशा विझून जाव्यात. ‘अम्नेस्टी’ या शब्दाचे ग्रीक मूळही ‘विस्मरण’ असेच आहे. ‘सार्वत्रिक माफी’ म्हटले की ते दिसेनासे होते. अशा ठिकाणी ‘विस्मरणकायदा’ बेलाशक लिहा.

एक अपवाद. स्पेनचा २००७ चा कायदा ‘ऐतिहासिक स्मृती’ आणि २०२२ चा ‘लोकशाही स्मृती’ या नावाने ओळखला जातो. ती विशेषनामे आहेत; तिथे ‘स्मृती’ तशीच राहू द्या.