लोकसभेला कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे ठरवायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही मूळच्या परभणी जिल्ह्यातील, शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला राहता आणि लोकसभेला पहिल्यांदाच मतदान करणार आहात, वडील म्हणतात पक्ष पाहा, मामा म्हणतात आपला माणूस पाहा आणि तुम्हाला मात्र, ज्या पक्षांचे दोन-दोन तुकडे झाले त्यांतल्या कोणाला पक्ष म्हणायचे, हेच उमगत नाही. अमुक पक्षाला मत द्या असे मी सांगणार नाही आणि तुमचीही ती अपेक्षा दिसत नाही. लातूर जिल्ह्यात शिक्षकाची नोकरी करताना अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून बसलेला आणि निवृत्तीनंतर पाच एकरांत सोयाबीन पेरणारा माणूस म्हणून मी स्वतः हा निर्णय कसा घेतो, एवढेच लिहितो.

आधी माझी चूक सांगतो. १९९६ च्या निवडणुकीपूर्वी काही महिने माझे वडील वारले. एक उमेदवार दहाव्याला आले, सतरंजीवर आमच्यात तासभर बसले, आईची विचारपूस करून गेले. सुखदुःखाला येणारा माणूस म्हणून आमच्या भावकीतल्या झाडून सगळ्या घरांनी त्यांना मते दिली आणि ते निवडूनही आले. पुढे गावच्या साठवण तलावाचे काम अडले, तेव्हा आम्ही दहा-बारा जण त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, पत्रही दिले. पण हा विषय राज्य शासनाच्या अखत्यारीतील आहे असे उत्तर त्या पत्राला आले आणि तलावाचे काम काही पुढे सरकले नाही, तोवर लोकसभाच विसर्जित झाली. त्या गृहस्थांना मी आजही दोष देत नाही. आम्ही ग्रामपंचायतीचे आणि आमदारकीचे माप लावून खासदार निवडला होता, ही चूक आमची होती.

तेव्हापासून मी पक्षाचा विचार करण्यापूर्वी एक काम करतो. आपल्या घराला ज्या गोष्टी टोचतात त्यांतल्या दिल्लीत ठरतात त्या कोणत्या, हे वेगळे काढतो. हे वाटते तितके सोपे नाही, कारण प्रचारात सगळेच एकत्र कालवलेले असते. उदाहरणार्थ, आपल्याकडचे पाणी. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरपर्यंत ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे, हा २०१४ चा आदेश राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आहे आणि ते प्राधिकरण २००५ च्या राज्य कायद्याने स्थापन झाले आहे. खासदार त्यावर भाषण करू शकतो, दबावही आणू शकतो, परंतु निर्णयाची जागा मुंबई आहे. गावातले टँकर, तहसीलमधली कामे, शाळेतल्या शिक्षकांची रिक्त पदे या विषयांवर मी माझे लोकसभेचे मत खर्च करीत नाही. ते विधानसभेसाठी आणि जिल्हा परिषदेसाठी राखून ठेवतो.

याउलट सोयाबीनचा भाव, जो मोंढ्यात ठरतो असे आपल्याला वाटते, तो बऱ्याच अंशी दिल्लीत ठरतो. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण रास झाल्यावर मोंढ्यात त्या भावाने माल घेणारा व्यापारी मला भेटला नाही. त्याचे एक कारण खाद्यतेलात आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यावरचे आयात शुल्क कमी केले की शहरातल्या ग्राहकाला तेल स्वस्त मिळते आणि आपल्या सोयाबीनचा भाव पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचे मूळ शुल्क २० टक्के करण्यात आले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवर डिसेंबर २०२१ मध्ये आलेली बंदीही केंद्रीय पातळीवरचीच. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल परत पाठवला जाई. ती मर्यादा नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेचे मतदान काही दिवसांवर आले असताना, १५ टक्के करण्यात आली. तोवर अनेकांनी आपले कट्टे मिळेल त्या भावाने देऊन टाकले होते. यातला प्रत्येक निर्णय कोणी घेतला, कधी घेतला आणि विरोधातल्या पक्षाने तेव्हा लोकसभेत काय म्हटले, हे शोधता येते. माझ्या दृष्टीने कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा हा पुरावा मोठा, कारण जाहीरनाम्यात शेतकऱ्याला भाव आणि ग्राहकाला स्वस्ताई ही दोन्ही आश्वासने एकाच पानावर नांदतात. सत्तेत असताना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते आणि पक्ष कोणाचा आहे ते तेव्हाच कळते.

तुमच्या घरी शेती नसेल तर तुमचा विषय दुसरा असेल. रेल्वे असेल, शिष्यवृत्ती असेल, आरक्षण असेल. रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटायला सप्टेंबर २०२५ उजाडले. या तीस वर्षांत दिल्लीत जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाचे किंवा आघाडीचे सरकार येऊन गेले, राज्यानेही निम्म्या खर्चाचा वाटा उचलायचे मान्य केले होते. म्हणून या एका कामाचे सर्व श्रेय किंवा सर्व अपश्रेय एकाच पक्षाच्या पदरात टाकणारे भाषण ऐकले की मी ते सोडून देतो. आरक्षणाबाबत एवढेच सांगतो की सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील एकूण आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडायची असेल तर विषय संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत जातो, मात्र राज्यातील मागासवर्गांची यादी ठरवण्याचा अधिकार २०२१ च्या १०५ व्या घटनादुरुस्तीने राज्यांकडे स्पष्टपणे परत आला आहे. त्यामुळे, तुम्ही मराठा असा, ओबीसी असा की अन्य कोणी, उमेदवाराला ‘तुमचा पाठिंबा आहे का’ असे विचारून उपयोग नाही. पाठिंबा सगळेच देतात. तुमचा पक्ष संसदेत नेमका कोणता बदल मांडणार, असे विचारावे आणि उत्तर देताना तो कोणत्या गावात काय बोलतो याकडे लक्ष ठेवावे.

आता पक्ष की माणूस. लोकसभेपुरते माझे मत तुमच्या वडिलांच्या बाजूचे आहे आणि त्याला कारण कायद्याचे आहे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान करणाऱ्या किंवा गैरहजर राहणाऱ्या खासदाराचे सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे ५४३ जणांच्या सभागृहात तुमचा खासदार कितीही अभ्यासू आणि सज्जन असला तरी महत्त्वाच्या विधेयकावर त्याचा हात पक्ष सांगेल तसाच वर होणार. उरतो स्थानिक विकास निधी. तो वर्षाला ५ कोटी रुपये असतो. सहा विधानसभा क्षेत्रे आणि अठरा-वीस लाख मतदार धरले तर माणशी पंचवीस-तीस रुपये होतात. सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यांच्या पलीकडे त्यातून फारसे काही होत नाही, आणि त्यासाठी खासदार निवडणे मला तरी महाग वाटते.

मामांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, हे मला गेल्या काही वर्षांत मान्य करावे लागले. पक्ष पाहून मत द्यायचे तर पक्ष जागेवर राहिला पाहिजे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून घेतले. तरीही २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटायची ती फुटलीच, कारण अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांच्या हाती असतो आणि तो किती दिवसांत द्यावा हे कायद्यात लिहिलेले नाही. अशा वेळी खरा पक्ष कोणता, या वादात मी मतदार म्हणून पडत नाही. तो निवडणूक आयोगाचा आणि न्यायालयाचा विषय आहे. मी गटाकडे नवा पक्ष म्हणून पाहतो : फुटल्यानंतर त्याने कोणत्या विधेयकांना पाठिंबा दिला, कोणाशी आघाडी केली आणि फुटण्यापूर्वी तो ज्याला विरोध करीत होता त्यातले आज काय काय गिळले आहे. जुनी पुण्याई दोन्ही गटांच्या खात्यावर शून्य धरतो. हा नियम कठोर आहे आणि निष्ठेने राहिलेल्यांवर त्याने थोडा अन्याय होतो, हे मला कळते.

माणसाचा उपयोग मी चाळणीसारखा करतो. पक्ष ठरल्यावर त्याच्या उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचतो. नमुना २६ मधील हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि ‘नो युवर कँडिडेट’ या अ‍ॅपवर कोणालाही पाहता येते. संपत्तीच्या आकड्याने मी दचकत नाही, आपल्या भागातल्या जमिनींचे भाव मला ठाऊक आहेत. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याशी तो ताडून मात्र पाहतो. गुन्ह्यांच्या रकान्यात आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांत फरक करतो. विद्यमान खासदार असेल तर त्याने विचारलेले प्रश्न लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात; त्यात कापूस, सोयाबीन, रेल्वे, पीकविमा हे शब्द किती वेळा आले, एवढे पाहिले तरी अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते. चाळणीतून उमेदवार खाली पडला तर माझ्या दुसऱ्या पसंतीच्या पक्षाकडे जातो. असे माझ्याकडून दोनदा घडले आहे.

जातीविषयी तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘आपला माणूस’ या शब्दांत ती आलीच. जात पाहून मत देणारे अडाणी असतात, हे शहरी मत मला पटत नाही. कचेरीत आपल्याला कोणी उभे करील का, या भीतीतून ते मत येते आणि ती भीती खोटी नाही. मी फक्त हिशेब मागतो : आपल्या माणसाने आपल्यातल्या कोणाचे काम केले, दहा-पाच कंत्राटदारांचे की वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोरांचे?

शेवटचा अडसर असतो तो मत वाया जाण्याचा. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. २०१९ मध्ये औरंगाबादची जागा ४,४९२ मतांनी आणि २०२४ मध्ये बीडची जागा ६,५५३ मतांनी ठरली. नांदेडला २०१९ मध्ये विजयाचे अंतर चाळीस हजारांच्या आसपास होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते दीड लाखाहून अधिक होती. म्हणून लढत अटीतटीची असेल आणि पहिल्या दोघांपैकी एक मला अगदीच नको असेल, तर मी दुसऱ्याला मत देतो. दोघेही सारखेच वाटत असतील, तर मनातल्या लहान पक्षाला देतो, कारण मिळालेल्या मतांवर त्या पक्षाची मान्यता आणि पुढच्या वेळची बोलणी अवलंबून असते. २०१३ पासून उपलब्ध असलेल्या ‘नोटा’ला माझा विरोध नाही, मात्र त्याची मते सर्वांत जास्त झाली तरी लोकसभेला उमेदवारांमध्ये सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो, हे माहीत असू द्यावे.

मतदानाच्या दिवशी चिन्ह नीट पाहा, हे मी केंद्राध्यक्षाच्या सवयीने सांगतो. २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि नुसती ‘तुतारी’ अशी दोन चिन्हे यंत्रावर आल्याने अनेक मतदारसंघांत घोटाळा झाला; दिंडोरीत तर नुसती तुतारी मिळालेल्या अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचूनच बाहेर या. त्या वर्षी माझ्या आईला मी केंद्रावर नेले होते. तिच्या ओळखीचे चिन्ह एका गटाकडे आणि तिच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या गटाकडे गेला होता. आत जाण्यापूर्वी तिने मला विचारले, ‘‘मग ह्यातलं आपलं कोणतं रे?’’ रांगेतले सगळे हसले. मी म्हणालो, ‘‘तूच ठरव.’’ तिने काय ठरवले, ते तिने अजून सांगितलेले नाही.