पैसे खाण कंपनीचे, मग मी कोणाची माणूस?

प्रश्न: नमस्कार ताई, मी नागपूरची. आपल्याच विद्यापीठातून प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वात एमए केलंय, जुनापाणी-माहुरझरीकडची शिळावर्तुळं पायी फिरून पाहिलीत. लग्नानंतर आता ऑस्ट्रेलियात पर्थला राहायला जाणार आहे. तिथं खाण सुरू व्हायच्या आधी दूरच्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांवरच्या लोकांसोबत फिरून त्यांच्या पवित्र जागा नोंदवायचं काम कन्सल्टंटला मिळतं म्हणे. फ्रीलान्स जमेल का? थेट वस्त्यांना मेल टाकू का? आणि पैसे खाण कंपनी देणार, मग मी नेमकी कोणाची माणूस? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्यावरच आहे. पैसे कोणीही देवो, तुम्ही त्या लोकांच्या माणूस. हे मनाशी पक्कं नसेल तर या कामात पडू नका, अगदी कळकळीनं सांगते.

जुकान गॉर्जचं उदाहरण बघा, तुम्ही जाताय त्याच वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातलं, तिथल्या पिलबारा भागातलं. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांच्या तिथल्या गुहा, त्यात माणसाचा वावर ४६ हजार वर्षांपासूनचा. राज्याच्या १९७२ च्या हेरिटेज कायद्याच्या सेक्शन १८ खाली रिओ टिंटो या खाण कंपनीला त्या जागा मोडायची परवानगी २०१३ लाच मिळालेली, मग २०१४ ला तिथं खोदकाम झालं तर हजारो वस्तू निघाल्या, त्यात माणसाच्या केसांची विणलेली चार हजार वर्षांपूर्वीची पट्टी, आणि तिचा डीएनए जुळला तो आजच्या त्याच लोकांशी. एवढं हातात असून मे २०२० मध्ये लोहखनिजासाठी सुरुंग लावले आणि गुहा गेल्या. अभ्यास चोख झालेला, कायदाही मोडला नव्हता, कारण परवानगीनंतर नवं काही सापडलं तर ती परत तपासायची सोयच कायद्यात नव्हती, आणि मूळ लोकांना अपील नव्हतं. २०२३ ला दुरुस्त्या झाल्या, पण तोपर्यंत जे गेलं ते गेलंच.

म्हणून करार करतानाच लिहून घ्या की रिपोर्ट आधी त्या लोकांच्या हातात जाईल, आणि त्यावर बोलायला त्यांना कोणी अडवणार नाही. कंपनी गोपनीयतेची अट टाकते, ती नीट वाचल्याशिवाय सही नको.

थेट मेल मात्र टाकू नका. १९९३ च्या नेटिव्ह टायटल (मूळ लोकांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क) कायद्याखाली त्यांच्या स्वतःच्या कॉर्पोरेशन्स आहेत, कन्सल्टंट कोण हे ठरवण्यात त्यांचा शब्द मोठा असतो. सुरुवातीला एखाद्या जुन्या कन्सल्टंटच्या हाताखाली फील्डला जा, लोक तुम्हाला बघतील, पटलं तर पुढच्या वेळी नाव घेऊन बोलावतील, फ्रीलान्स काम असंच उभं राहतं. बायकांच्या काही जागा आणि गोष्टी पुरुषांसमोर उघड करत नाहीत, तिथं बाई कन्सल्टंटच लागते. तसंच पुरुषांच्या जागेबद्दल तुम्हाला सांगितलं नाही तर खोदून विचारू नका. गेलेल्या माणसाचं नाव, फोटो वापरायच्या आधी घरच्यांना विचारा. रेकॉर्डिंग त्यांचंच, तुमच्या लॅपटॉपमध्ये असलं तरी.

जायच्या आधी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचा. सामूहिक वनहक्क २००९ ला मिळवलेलं गोंडांचं गाव, तिथं निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतात, वेळ लागला तरी चालतो. ऑस्ट्रेलियातले लोक आणि त्यांचा कायदा वेगळा आहे, पण बाहेरून आलेल्यानं घाई करायची नसते हे आपल्या विदर्भातच शिकता येतं.

आता पैशाचं. व्हिसावर स्वतःचा धंदा चालतो का ते पहिले बघा, मग एबीएन, म्हणजे तिथला धंद्याचा नोंदणी नंबर, काढा, वर्षाची उलाढाल ७५ हजार डॉलरला पोचली की जीएसटी लागतो. पब्लिक लायबिलिटी (कामात दुसऱ्या कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर) आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी (तुमच्या सल्ल्यात चूक निघाली तर) असे दोन्ही इन्शुरन्स लागतील. कोटेशनमध्ये प्रवासाचे दिवस धरा, गाडी आणि सॅटेलाइट फोन धरा, सोबत फिरणाऱ्या ज्येष्ठांचा रोजचा मोबदला धरा, तो कधीच कापू नका. वस्तीत कोणी वारलं की सगळं काम थांबतं, ते थांबायलाच पाहिजे, त्या दिवसांचे पैसे कोण देणार हे आधीच ठरवून ठेवा. उत्तरेकडे काम असेल तर पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, रस्ते बंद पडतात, तेव्हाच्या तारखा देऊ नका. दर किती लावायचा हे एकटीनं नका ठरवू, तिथं कन्सल्टिंग आर्किऑलॉजिस्ट लोकांची संघटना आहे, पर्थला पोचल्यावर आधी त्यांच्यातल्या कोणाला तरी भेटा.